मलकापूरचा थांबा

"सर, मलकापूरला प्रकाश कशाला थांबवलाय?" माझ्या हाताखालच्या मोनानं स्क्रीनवर बोट ठेवलं. कोल्हापूर ते रत्नागिरी इंटरनेटचा प्रकाश नेणाऱ्या फायबरचा नवा मार्ग मी आखला होता आणि सवयीनं मध्ये मलकापूरचा थांबा टाकला होता.

"थांबतोच तिथं तो!" मी खेकसलो.

थांबायचा, खरं तर. पूर्वी दमलेला प्रकाश मलकापूरच्या यंत्रात उतरायचा. तिथं त्याची वीज व्हायची, ती साफसूफ होऊन पुन्हा ताजा प्रकाश पुढं निघायचा. ते यंत्र अण्णासो सांभाळायचे. चाचणीसाठी मी फोन केला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सायेब, जेवलासा काय?" उत्तर मिळाल्याशिवाय मीटरवरचा सिग्नलचा आकडा सांगायचे नाहीत. मी जाम वैतागायचो.

"आकडा सांगा की ओ आधी!"

"सांगतो की. जेवलासा काय?"

आता प्रकाश कुठंही न उतरता थेट रत्नागिरी गाठू शकतो. अण्णासो रिटायर झाले, मग गेलेही. त्या खोलीला कुलूप आहे. मोनाचंच बरोबर होतं. मी मलकापूर खोडलं.

मार्ग सुरू करायला मी रत्नागिरीला गेलो. दुपार कलली होती. मोना कोल्हापूरच्या ऑफिसातून फोनवर होती.

"सर, सिग्नल एकदम झकास आलाय. आकडा सांगू?"

"सांगशील गं. आधी सांग, जेवलीस काय?"

ती हळूच म्हणाली, "न्हाय सर. हितं कोण इचारतंय?"