माझ्या भिंगावरचं कुंकू

मित्रांनो, टीनाने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि त्याच आठवड्यात मला कपाटात टाकलं. हे मी तुम्हाला सांगितलंच नाही असं समजा. सुरुवातीपासून सांगतो.

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं कुठे आठवतं? पहिली सहा वर्षं मी साकोलीच्या एका सभागृहात काढली. तिथे शिक्षकांना ‘प्रोजेक्टर कसा वापरावा’ हे मीच भिंतीवर दाखवत असे. त्यासाठी दिवे बंद करावे लागत. दिवे बंद झाले की शिक्षक झोपत. माझ्या कामाचं कौतुक असं की कुणीही तक्रार केली नाही.

मग एका जूनमध्ये मेघा मॅडम आल्या. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर नवी सोनटोली वसली, तिथल्या प्राथमिक शाळेत त्या तिसरीला शिकवतात. त्यांनी मला मागून घेतलं. वरिष्ठांनी एका वर्षासाठी दिलं, तेही अटीवर: मार्चपर्यंत वर्गातलं प्रत्येक मूल वाचतं झालं पाहिजे, नाहीतर यंत्र परत. वर्गात अकरा मुलं. दहा जण अडखळत का होईना वाचत होते. अकरावी टीना. पुस्तक उघडलं की ती म्हणायची, “अक्षरं पळून राहिली, मॅडम.”

मी शाळेत पोचलो त्या दिवशी माझी पूजा झाली. पूजा केली कुंताबाईंनी. त्या शाळेत खिचडी शिजवतात आणि टीनाच्या आजी लागतात. नारळ फुटला, अगरबत्ती लागली, आणि कुंताबाईंनी ओल्या कुंकवाचं बोट थेट माझ्या भिंगावर टेकवलं.

“अवो बाई, त्याच्या डोळ्यात कायले लावलं?” मॅडम ओरडल्या.

“मंग तेचं कपाळ कुठी हाये ते सांगाचं होतं ना!”

माझं कपाळ मलाही अजून सापडलेलं नाही. मी तापतो, त्यामुळे कुंकू पक्कं भाजलं गेलं. मॅडमनी कापसाने पुसलं, तर ते नीट गोल झालं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर हत्ती आला, त्याच्या पोटावर लाल डाग. उंटाला डाग. सूर्याला डाग. गांडुळालाही, जमेल तेवढा. आठवडाभरात मुलांना डाग नसलेला प्राणी अपुरा वाटू लागला. मुलांनी वहीत काढलेल्या सगळ्या गाईंना पोटावर कुंकू होतं.

मॅडम गावाबद्दलचे धडे स्वतःच लिहून आणायच्या आणि मोबाईलवर बोट फिरवून ओळी सरकवायच्या. एकदा एक शब्द नेमका डागावर येऊन थांबला. मागच्या रांगेतून आवाज आला, “बो… डी.”

वर्ग वळला. टीना होती.

“पुन्हा वाच,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“बोडी. आपल्या शेताजवळची, पाण्याची, लहान तळ्यासारखी. हा शब्द पळून नाही राहिला मॅडम. कुंकवानं धरून ठेवला.”

त्या दिवसापासून मॅडमनी कापूस आणणं बंद केलं. एकेक शब्द डागाखाली आणायचा, टीनाने वाचायचा, मग पुढचा. दिवाळीपर्यंत ती ओळ वाचू लागली. संक्रांतीपर्यंत धडा.

मध्ये एकदा भारताचा नकाशा लावला होता. कुंताबाई हातात झारा घेऊन दारात उभ्या राहिल्या. “आमचं गाव दिसते का वो यात?”

मॅडम सांगणार होत्या की एवढ्या मोठ्या नकाशात एवढं लहान गाव नसतं. त्याआधीच मुलं ओरडली, “हे काय, कुंकू लावलं तेच!”

बाई भिंतीजवळ गेल्या, डागावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “जुनं का नवीन?”

त्या दिवशी खिचडी तळाला थोडी करपली.

मार्चमध्ये तपासणीला साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी तालुक्याहून एक माणूस आला. त्याने खास औषध लावून मला पुसलं. मी इतका स्वच्छ कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दहा मुलांनी वाचलं. टीना उभी राहिली. भिंत पांढरीशुभ्र, अक्षरं काळीभोर, आणि डाग कुठेच नाही.

“वाच बेटा,” साहेब म्हणाले.

टीना भिंतीवर डाग शोधू लागली. मॅडमनी मोबाईल घट्ट धरला. तेवढ्यात साहेबांसाठी चहा घेऊन आलेल्या कुंताबाईंनी ट्रे साहेबांच्या फायलीवर ठेवला, स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटाने पुसलं आणि माझ्या डोळ्याला लावलं.

“बाई, हे काय करता?” साहेबांनी विचारलं.

“दुरुस्ती,” कुंताबाई म्हणाल्या.

टीनाने सात ओळी वाचल्या. बोडीपासून धरणापर्यंत. साहेबांचा चहा गार झाला.

साहेबांनी शेरा लिहिला: ‘सर्व विद्यार्थी वाचतात. यंत्र अस्वच्छ, दुरुस्तीसाठी जमा करावे.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून भांडायला जागा नव्हती.

मी निघालो तेव्हा मॅडमनी माझी वायर जपून गुंडाळली. टीना फुटपट्टी दाखवायला आली. तिच्या टोकाला आजीची टिकली चिकटवली होती. ती टिकली शब्दाखाली सरकवत ती आता पुस्तक वाचते. “तू जाय बिनधास्त,” ती मला म्हणाली. “मी वाचून राहिली ना.”

आता मी तालुक्याच्या कपाटात आहे, पुन्हा पुसलेला. शेजारच्या फायलीत मॅडमचा अर्ज आहे: यंदाच्या तिसरीत दोन मुलांची अक्षरं पळतात, यंत्र परत मिळावं. ती फाईल अजून कुणी उघडलेली नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. झाकण लावत जा, वायर ओढू नका. पण पुसण्याआधी वर्गाला एकदा विचारा.

आणि मा. महोदयांस नम्र विनंती की, माझ्या भिंगाच्या मध्यभागी कुंकवाचा एक डाग कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावा. तो पुसट झाल्यास नवा लावण्याचे सर्वाधिकार श्रीमती कुंताबाई यांना देण्यात यावेत. आणि सदर डागासह मला नव्या सोनटोलीत तात्काळ रुजू करून घ्यावे.

आपला विश्वासू,
कपाट क्रमांक तीन, खालचा कप्पा.