कोरड्या कुंडातलं पाणी

"बघा बू, तुमची सही पोराच्या लग्नाच्या फोटोच्याही वर टांगलीय," पाक मुजियोनो म्हणाले. "बायको रुसली. म्हटलं, रुस, पण सही वरच राहणार."

पुरवांती हसल्या आणि साबुकंदाचा उकडलेला तुकडा उचलला. योग्याकार्ताजवळच्या एका आरोग्य महाविद्यालयात त्या पाणी-तपासणी शिकवत. तिकडे बाईमाणसाला आदरानं 'बू' म्हणतात, पुरुषाला 'पाक'. त्यांचा विद्यार्थी दानंग यानं मागच्या वर्षी या डोंगराळ वस्तीच्या कुंडावर प्रकल्प केला होता. त्याचा अहवाल आता वस्तीप्रमुख मुजियोनोंच्या भिंतीवर काचेत बसला होता: पाणी पिण्यास योग्य.

"तुमचा कागद आला आणि आम्ही धीर केला. कुंडापासून बालवाडीपर्यंत नळ टाकला. उकळायची कटकट गेली, पोरं थेट तोंड लावतात." मुजियोनोंनी चहाचा घोट घेतला. "तारीख तेवढी चुकलीय हां. तो आमचा कुंड उपसायचा शुक्रवार. अख्खी वस्ती खराटे घेऊन कुंडात, दुसऱ्या दिवसापर्यंत तिथं भांडंभर पाणी जमत नाही. आणि यात लिहिलंय, सकाळी कुंडाच्या मध्यातून पाणी घेतलं! तुमचा पोरगा जादूगार आहे की काय?"

ते पोट धरून हसले. पुरवांतींनी साबुकंद खाली ठेवला.

तारीख चुकू शकते. पण त्या तारखेखाली पाण्याचं तापमान होतं, खोली होती, वाराही होता. आणि सगळे आकडे कसे गुण्यागोविंदानं नांदत होते. खऱ्या मोजमापांत थोडी तरी भांडणं असतात. हे त्या वर्गात दरवर्षी सांगत. मग सही करताना त्यांना ते का दिसलं नाही?

"पोरं बरी आहेत ना, पाक?"

"मधूनमधून पोट बिघडतं. बालवाडीच्या बाई म्हणतात, तळलेलं खातात."

"नळ बंद करा. आत्ता. मी पाणी तपासून येते, तोवर उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका."

"का हो, काय झालं?"

"तपासल्यावर सांगते," त्या म्हणाल्या. गाडीत निर्जंतुक बाटल्या असायच्याच. नळाच्या पाण्यानं त्या भरून घेऊन पुरवांती निघाल्या.

दानंग दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मान खाली घालून उभा राहिला. "मी तेव्हा जेवणाचे डबे पोचवत होतो, बू. वेळच नव्हता. अहवाल जॉकीकडून घेतला, पैसे घेऊन लिहून देणारी एक बाई आहे. सगळेच घेतात."

अभ्यास त्याचा, घाम भाड्याचा. पुरवांतींनी त्याचाच फोन त्याच्यासमोर ठेवला. "लाव तिला. दोघांना ऐकू येईल असा."

"दानंगदादा!" पलीकडून प्रसन्न आवाज आला. "आता प्रबंध का? जुन्या गिऱ्हाइकाला सूट आहे हां."

"मी त्याची शिक्षिका. त्या कुंडाचं पाणी कुठं तपासलंत?"

मग ती बाई म्हणाली, "बू, कुंडात उतरायला मी काय बेडूक आहे? जुने अहवाल आहेत माझ्याकडं. त्यांवरून आकडे बेतते."

"ते पाणी लहान मुलं पितात."

"मी गृहपाठ विकते. पाणी नाही विकत. त्या गृहपाठावर सही कुणी केली? मी तर जन्मात कुठं सही केली नाही."

"म्हणजे चोरानं घरमालकालाच विचारायचं, कडी का लावली नाहीस म्हणून?" पुरवांतींचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला दानंगनं कधी ऐकला नव्हता. "रसायनशास्त्र येतं तुम्हाला?"

"पदवी आहे. तुमच्यासारख्यांच्याच हाताखाली घेतली. नोकरी मिळाली असती तर खऱ्या बाटल्या धुतल्या असत्या."

"मग जंतूंच्या रकान्यात शून्य लिहिताना हात अडखळला नाही?"

"शून्य लिहिलं की काम दुरुस्तीला परत येत नाही, बू," ती शांतपणे म्हणाली. "दुसरा आकडा लिहिला की शिक्षक प्रश्न विचारतात." आणि तिनं फोन ठेवला.

संतापायलाही पुरवांतींना जागा उरली नाही. खरंच, शून्यावर त्यांनी एकाही विद्यार्थ्याला कधी प्रश्न विचारला नव्हता.

उबवणीच्या पेटीतून त्या पाण्याच्या नमुन्यांच्या बशा बाहेर काढल्या, तेव्हा घामोळं यावं तसे त्यांवर जंतूंचे ठिपके उठले होते. दानंगनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बू, नवा अहवाल करू. मी गुपचूप जाऊन चौकटीतला कागद बदलतो. नळ तर बंदच आहे. माझी पदवी जाईल, तुमच्या नोकरीवर येईल. खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

हात धुताना पुरवांतींनी त्याचं म्हणणं सगळ्या बाजूंनी तपासलं. नळ बंद होता, हे खरं. पण मग आया तळलेल्याला आणि स्वतःला बोल लावत राहणार, त्याचं काय?

"चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

बालवाडीच्या अंगणात बायका चटयांवर बसल्या होत्या. दानंग काहीतरी पुटपुटला, ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. मग पुरवांतींनी सरळ सांगितलं: पाणी कुणी तपासलंच नव्हतं, अहवाल विकतचा होता, सही मात्र माझी होती.

रुस्मियाती नावाची एक आई उठली. "माझा पोरगा दोनदा दवाखान्यात गेला. बाहेरचं खातोस म्हणून मी त्याला मारलं, बू. शपथा घालत होता, काही खाल्लं नाही म्हणून. तरी मारलं." ती दानंगकडं वळली. "तुझ्या मार्कांसाठी."



"चुका माझ्याही होतात," मुजियोनो म्हणाले. आज ते हसत नव्हते. "ही चूक नव्हे. आम्हाला तो कागद वाचता आला म्हणून नाही टांगला, बू. तुम्ही वाचलाय म्हणून टांगला."

पुरवांतींनी मान हलवली.

"अजून किती वस्त्यांत तुमची सही टांगलीय?"

"बऱ्याच."

"आणि त्यांतल्या खऱ्या किती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, मग इथं काय बसलाय?" रुस्मियाती ओरडली. "तिथं पोरं नाहीत का?"

कुणी तिला गप्प केलं नाही. पुरवांती बालवाडीच्या पायरीवर बसल्या आणि दानंगला म्हणाल्या, "प्रकल्प केलेल्या प्रत्येक वस्तीच्या प्रमुखाचा नंबर शोध." पहिला नंबर लागला. पलीकडचे गृहस्थ त्यांना ओळखून आनंदानं क्षेमकुशल विचारू लागले. मुजियोनो शेजारी हाताची घडी घालून उभे होते, एक शब्दही निसटू न देता ऐकत.

"पाक, आजपासून पाणी उकळून प्या," पुरवांती म्हणाल्या. "आणि का, ते आधी ऐकून घ्या."