दिवे मंद होणारं घर

लूशस टॉलिव्हरचा ॲम्प्लिफायर त्या मंगळवारी एकदम शहाण्यासारखा वागायला लागला आणि तिथून सगळं बिनसलं.

तो खोका जुनाच होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, मागची फळी गायब, कापडाला एका बाजूने भोक. पण दर रविवारी मॅक्सवेल रस्त्याच्या बाजारात लूशस त्याचं बटण शेवटपर्यंत पिळायचा आणि गिटारचा सूर कडेने फाटत, खरखरत बाहेर पडायचा. रडून रडून घसा बसलाय, तरी माणूस बोलायचा थांबत नाही, तसा. तार जोरात छेडली की आवाज आधी दबायचा, मग फुगून वर यायचा. सॉसेज आणि भाजका कांदा खाणारी माणसं घास हातात धरून उभी राहायची.

गेल्या रविवारी ऑर्लोव्ह नावाचा रेकॉर्डवालाही तसाच उभा राहिला होता. "पुढच्या रविवारी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन येतो," तो म्हणाला. "पण मला हाच फाटका आवाज पाहिजे. गुळगुळीत वाजवणारे माझ्याकडे ढिगाने पडलेत."

मिसिसिपी सोडून शिकागोत आल्यापासून लूशस कत्तलखान्यात डुकरं सोलत होता. असं कुणी त्याला आजवर म्हटलं नव्हतं.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर तो सरावाला बाजारातल्या मिस ओडेसाच्या दारी गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीतून लांबलचक वायर खाली सोडायची आणि रस्त्यावर वाजवायचं, मग सराव असो की रविवारचा बाजार, अशी त्याची रीत होती. बदल्यात तो तिला तळलेला कॅटफिश मासा आणून द्यायचा. आजही वायर जोडली, बटण पिळलं, तार छेडली. सूर आला तो धुतलेला, पुसलेला, भांग पाडलेला.

त्याने बटण आणखी पिळून पाहिलं. आवाज मोठा झाला, पण फाटला नाही. बुधवारी त्याने व्हॉल्व्ह बदलले. गुरुवारी जुनेच परत घातले. मग खोक्याला दोन चापट्या मारल्या आणि शेवटी एक लाथ.

पायरीवर बसून त्याचा ड्रमवाला दोस्त क्लिओटिस शेंगा खात होता. "छान वाजतंय की," तो म्हणाला. "दातांच्या डॉक्टरकडे लावतात तसं."

"तू गप बस."

"कापड ब्लेडने फाड थोडं."

"ते फाटणं वेगळं, हे वेगळं."

"मला काय, मी आपला शेंगा खाणारा माणूस."

तेवढ्यात वरून मिस ओडेसाने डोकं बाहेर काढलं. "लूशस, त्या बिचाऱ्याला कशाला मारतोस? सोमवारी माझ्याकडे नवीन वायरिंग झालं. आधी तू वायर लावलीस की माझा दिवा पिवळा पडायचा, फ्रिज कण्हायचा. आता बघ, काही म्हणजे काही होत नाही."

ती खुशीत होती. लूशस मात्र खाली उभ्या उभ्या गार पडला. इतकी वर्षं त्याचा खोका अर्धपोटी वाजत होता. पुरती वीज मिळायची नाही म्हणून धापा टाकायचा, आणि त्या धापांनाच लूशस आपला सूर समजत होता.

"जुनी वायर ठेवलीय का कुठे, मिस ओडेसा?"

"भिंतीतून धूर येत होता, लूशस. मालकाच्या मागे लागून लागून माझे केस पांढरे झाले."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

"तुझा खोका रडावा म्हणून मी जळून मरू का?"

 लूशसला लागलं ते हे की, क्षणभर का होईना, त्याने या प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं.

शनिवारी सकाळी त्याने बूट चमकवले, चर्चची टोपी घातली, गिटार पाठीला लावली आणि बाजाराच्या दोन्ही बाजूंची दारं ठोठावायला सुरुवात केली. खोका मिस ओडेसाच्या जिन्याखाली क्लिओटिसच्या हवाली केला.

"मॅडम, इस्त्री लावली की तुमचा दिवा मंद होतो का?"

"अजिबात नाही. आमचा दिवा सूर्यासारखा आहे."

"साहेब, तुमच्याकडे वीज जरा कमी येते का?"

"आमच्याकडे तक्रार कसलीच नाही. बायको देवाला रोज धन्यवाद देते."

दारामागून जळक्या वायरचा वास येत होता.

तासाभराने त्याच्या डोक्यात उजेड पडला. महापालिका तिथली घरं एकेक करून मोडकळीला आलेली ठरवत होती आणि पाडत होती. टोपी घालून वायरिंगची चौकशी करणारा माणूस आला की आठवड्याने दारावर नोटीस लागायची. साऱ्या रस्त्याची वीज त्याच्या कामाची होती आणि साऱ्या रस्त्याने त्याच्याशी खोटं बोलायचं ठरवलं होतं.

पुढच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मिसेस गेदर्स नावाच्या विधवेने साखळी न काढता दार उघडलं. तिच्या पाठीमागे फ्रिज घरघरला आणि छताचा दिवा लालसर झाला. ती सरकून दिव्याच्या आड उभी राहिली.

"इथे काहीच मंद होत नाही."

"मी सरकारी माणूस नाही, मॅडम. मी खाली गिटार वाजवतो."

"मागच्या महिन्यात आला तो विमेवाला होता म्हणे. शेजारचं घर गेलं."

लूशसने गिटार पुढे घेऊन छेडली. विजेशिवाय तिचा आवाज डासाएवढा.

"हे वाजवतोस तू?"

"वीज नसली की असंच वाजतं."

"मग असंच वाजव. कुणाला त्रास नाही."

तिथे मात्र लूशसचा धीर सुटला. "मिसेस गेदर्स, तुमचा दिवा आत्ता माझ्यासमोर लाल झाला. सकाळपासून सगळे माझ्या तोंडावर खोटं बोलतायत, आणि मला त्यांना नावंही ठेवता येत नाहीत. उद्या एक माणूस मशीन घेऊन येणार आहे. तो परत यायचा नाही. मला तुमच्या घरात काही दुरुस्त करायचं नाही. मला हे असंच्या असं पाहिजे."

 "या शहरात हे घर आहे तसं आवडलेला तू पहिलाच माणूस," ती म्हणाली आणि साखळी काढली.

त्याने क्लिओटिसकडून खोका घेऊन तीन मजले चढवला, वायर जोडली. दिवा पिवळा झाला, मग लाल. लूशसने बटण पिळलं आणि खालची तार मारली. सूर दबला, कडेने फाटला आणि छातीत हवा भरल्यासारखा वर यायला लागला. मिसेस गेदर्सने नकळत कपाटाचा आधार घेतला.

आणि फ्यूज उडाला. फ्रिज गप्प झाला. खालच्या घरातली रेडिओवरची बेसबॉलची मॅच मधेच तुटली आणि कुणीतरी शिवी हासडली.

"उद्याही असंच होईल?" तिने विचारलं.

"होईल. खालच्यांचा रेडिओ आणि तुमचा फ्रिज बंद असला तर कदाचित नाही."

"माझा फ्रिज मी बंद करीन. खालच्या बेंटनला तू सांग. तो माझं ऐकत नाही." तिने खणातून नवा फ्यूज काढून त्याच्या हातात दिला.

लूशस तळघरात गेला, फ्यूज बसवला आणि वर येऊन बेंटनचं दार ठोठावलं. आत रेडिओ तापून हळूहळू पुन्हा बोलायला लागला होता. दार उघडणारा म्हातारा बनियनवर होता आणि भडकलेला होता.

"मघाशी तूच का?"

"मीच. माफ करा. उद्या दुपारी रेडिओ थोडा वेळ बंद ठेवाल का?"

"उद्या लागोपाठ दोन मॅच आहेत."

"फक्त एका गाण्यापुरता."

म्हाताऱ्याने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. आत कुणाचा तरी चेंडू उंच गेला होता आणि रेडिओवरचा माणूस ओरडत होता. म्हाताऱ्याने तिकडे कान दिला, ओरडणं संपेपर्यंत लूशसला दारात तसंच उभं ठेवलं आणि मग म्हणाला, "गाणं कुठलं आहे, त्यावर आहे."