भोपळ्याने अडवलेली मोटार

ही गोष्ट ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल आपापली खोगिरं पुसत बसावं. पण तबेल्यातलं ते ढेरपोटं टट्टू, ज्याला सगळी पोरं भोपळा म्हणतात, त्याने एका मोटारवाल्याला भर रस्त्यात नाक घासायला लावलं, आणि तेही बाईंच्या डोळ्यांदेखत.

बाई म्हणजे पोरांना टट्टूवर बसायला शिकवणाऱ्या. आवाज असा, की त्या 'पाठ ताठ' म्हणाल्या की कुंपणापलीकडची कुत्रीसुद्धा नीट बसत. रिंगणात गोल गोल फिरवायला कुणीही शिकवेल, बाईंचा जीव अडकलेला रस्त्यात. तबेल्यातून कुरणावर जायचं तर डांबरी रस्त्याशिवाय वाट नाही. म्हणून अंगात पिवळं जाकीट, एकामागे एक, कडेकडेने, आणि बाई स्वतः पायी, पोरं आणि गाड्या यांच्या मधोमध. त्यातला त्यांचा लाडका नियम म्हणजे आभाराचा. गाडीवाल्याने वेग कमी केला की लगाम एका हातात घ्यायचा आणि दुसरा हात वर करायचा. आज त्याला बरं वाटलं तर उद्या दुसऱ्या पोरासाठीही तो हळू घेईल, असं त्यांचं म्हणणं.

त्या सकाळी भोपळ्यावर खार होती. खार म्हणजे ती दाराशी बसलेली, पुढचे दात जरा जास्तच पुढे आलेली, मनगटाला पट्टी बांधलेली. त्या सकाळी पडल्यापासून ती भोपळ्याला खरारा करते, त्याच्या कानात काहीबाही सांगते, पण वर चढ म्हटलं की तिला नेमकं पाणी प्यायला जायचं असतं. उद्या पुन्हा रस्त्याचा धडा आहे. ही पोर आता कायमची उतरली की काय, ही धास्ती बाईंना लागली आहे.

तर मागून मोटार आली. पांढरी, दिवाणखान्याएवढी. बाईंनी तळहात खाली दाबत हळू घ्यायची खूण केली. मोटार जराशी हळू झाली. खारीने मागे पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे लगाम एका हातात घेऊन दुसरा वर केला. त्याच क्षणी मोटारवाल्याने हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला. भोपळा बिचकून आडवा उडाला आणि खार कडेच्या चरात.

बाईंनी आधी तिला उचललं. मान हलते, पाय हलतात, मनगटाला मात्र हात लावू देत नाही. मग त्या मोटारीकडे वळल्या तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काच चार बोटं खाली आली.

"पोरं सांभाळता येत नाहीत तर रस्त्यावर आणता कशाला?" आतला माणूस म्हणाला.

"तिने तुमचे आभार मानले," बाई म्हणाल्या. "आभार मानायला हात सोडला होता तिने."

"मी सांगितलं होतं का?"

सांगितलं होतं बाईंनी. ज्याला आपली घाई पोराच्या हाडांपेक्षा मोठी वाटते, त्याच्यापुढेही हात वर करायला त्यांनीच शिकवलं होतं. त्याचा राग येत होता त्याच्या दुप्पट स्वतःचा येत होता.

आणि इथेच, मंडळी, भोपळा मागे वळला. एक एक पाऊल मागे टाकत आला आणि आपलं अख्खं बूड त्याने मोटारीच्या बॉनेटवर टेकवलं. पत्रा असा कण्हला की झाडावरचे कावळे उडाले. माणूस गाडी मागे घ्यायला गेला, तर चाकं जागच्या जागी गरगरली. तेवढ्यात भोपळ्याने मान वळवून काचेवरचा वायपर उसासारखा सोलून खाल्ला. शेवटी तो माणूस चकचकीत बुटांनिशी चिखलात उतरला. आधी खारीची माफी मागितली, मग बाईंची, मग भोपळ्याची. भोपळ्याला ती नीट ऐकू आली नाही, म्हणून दोनदा. आणि मग लगाम धरून कुरणापर्यंत पायी गेला, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांपुढे हात वर करत.

तबेल्यात गोष्ट ऐकत बसलेली पोरं हसून हसून गवताच्या पेंढ्यांवर लोळली. बाई मघापासून एकच रिकीब पुसत होत्या.

"तो माणूस उतरलाच नाही," दाराशी बसलेली खार म्हणाली. "काच वर केली आणि गेला. भोपळा गवत खात होता. आणि बाई, मी उद्या येणार आहे. पण गाडी पुरती थांबल्याशिवाय मी लगाम सोडणार नाही. नुसती मान हलवीन."