थोरले बेट कोणते?

मित्रांनो, माझी ओळख सोपी आहे. मी समुद्रकिनाऱ्याचा एक जुना, घडीचा नकाशा आहे. माझ्यावर लांबलचक किनारा आहे, चार जुनी बंदरे आहेत, किल्ल्यांच्या सात खुणा आहेत आणि किनाऱ्यापासून जरा आत दोन बेटे आहेत. एक चांगले ऐसपैस, दुसरे करंगळीच्या नखाएवढे. त्या नखाएवढ्या बेटावर छापले आहे ‘थोरले बेट’ आणि ऐसपैस बेटावर ‘धाकटे बेट’. वाचून तुम्ही गोंधळला असाल. मी तर जन्मापासूनच गोंधळलेला आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझी शाई अजून ओली होती, तेव्हा दोन माणसे माझ्यावर वाकली. एक नावे लिहिणारा कारकून, दुसरा चुका तपासणारा.

“हे उलटं झालंय,” तपासणारा म्हणाला.

“उलटं नाही, असंच आहे. कारण तिथले लोक...” कारकुनाने एवढे म्हटले आणि यंत्र सुरू झाले. त्या खडखडाटात पुढचे काही मला ऐकू आले नाही. कोण जिंकले, तेही कळले नाही. माझ्या पाठीला कापड चिकटवले, मला सोळा घड्या घातल्या आणि समुद्रापासून फार दूरच्या एका गावातल्या पुस्तकांच्या दुकानात धाडून दिले.

तिथून मला एका मास्तरांनी नेले. ते शाळेत भूगोल शिकवत. दोन खिळ्यांवर मला टांगून ते म्हणत, “मुलांनो, समुद्र दाखवा बरं!” त्या वर्गात समुद्र पाहिलेले एकही मूल नव्हते. ती येऊन माझ्या निळ्या रंगावर बोट टेकवत, कुणी बोट नाकाला लावून वास घेत. इतक्या बोटांनी तिथला निळा रंग पांढुरका झाला. मला त्याचे वाईट वाटले नाही. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

एके दिवशी एका मुलीने विचारले, “मास्तर, लहान बेट थोरलं कसं?”

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग हसून म्हणाले, “शाब्बास! छापखान्याची चूक पकडलीस.” त्यांनी लाल शाईने दोन्ही नावे खोडली आणि शेजारी उलटी करून लिहिली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. लाल शाई अंगावर पडली की कसे वाटते, हे तुम्हाला मी काय सांगावे! मी ओशाळलो, पण थोडे बरेही वाटले. निदान कुणीतरी एकदाचे ठरवून टाकले होते.

पुढे शाळेत चकचकीत मोठा नकाशा आला आणि मी मास्तरांच्या घरी, चिंध्यांच्या पेटीत गेलो. मास्तरांची बायको कपडे शिवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. तिने एकदा माझ्या पाठीवर खडूने झबल्याची बाही आखली. कात्री उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि मी वाचलो. त्यानंतर बरीच वर्षे मी पेटीत होतो. किती, ते मला सांगता येणार नाही. अंधारात सगळी वर्षे सारखीच दिसतात.

मग बाईला एक पत्र आले.

पत्र तिच्या ताईचे होते. ताई दूरच्या शहरात इस्पितळात नर्स होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी पडली, तेव्हा ताईला सुट्टी मिळाली नाही. ती पोचली तोवर आई गेली होती. बाईने तिला दारातच म्हटले होते, “लोकांच्या आयांना औषध पाजायला वेळ आहे, आपल्या आईला नाही.” ताई पुढच्याच गाडीने परत गेली. तेव्हापासून दोघींत अवाक्षर नव्हते.

पत्र मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मोठ्याने वाचले. अक्का पोस्टातून निवृत्त झाली होती आणि घरातली पत्रे वाचायचा मान तिचाच होता. “‘आईला समुद्र दाखवायचा राहून गेला,’” ती वाचत होती. “‘येत्या दहा तारखेला मी थोरल्या बेटावर जातेय. धक्क्यावर शेवटच्या लाँचपर्यंत तुझी वाट पाहीन. तू नाही आलीस तर मी समजून जाईन, पुन्हा त्रास देणार नाही.’”

बाईचे मशीन थांबले होते. सुई कापडात तशीच रुतलेली होती.

“उत्तर लिहून टाक,” अक्का म्हणाली. “एक ओळ पुरे.”

“काय लिहू, वन्सं?” बाई म्हणाली. तिने चार कार्डे लिहिली आणि चारही फाडली. “जाऊ तेव्हा कळेलच तिला.”

त्या काळी खिशात फोन नसत, मित्रांनो. लिहिले नाही की कळत नसे.

मास्तरांनी मला पेटीतून काढून कापड बेतायच्या टेबलावर पसरले. इतक्या वर्षांनी उजेड दिसला आणि मला वाटले, आता मी उपयोगी पडणार. पण पुढचे आठ दिवस माझ्यावर काय चालले होते ते मला उमगले नाही. मास्तर म्हणाले, एवढे जातोच आहोत तर पाच दिवस जाऊ, चारही बंदरे आणि सातही किल्ले पाहू. अक्काला किल्ला नको होता. गुडघ्यांना खारे पाणी चांगले, असे तिला डॉक्टरांनी सांगितले होते. तिला फक्त समुद्रात उभे राहायचे होते. बाई काहीच मागत नव्हती. ती शिवणाच्या टेपने माझ्यावरचे अंतर मोजत बसायची.

“अहो, इथून बेट साडेतीन इंच.”

“इंच नाही गं, मैल मोज.”

“टेपवर मैल कुठे असतात?”

मुक्कामाच्या गावांवर टाचण्या टोचल्या गेल्या, उपटल्या गेल्या, पुन्हा टोचल्या गेल्या. खडूच्या रेघा एकमेकींवरून गेल्या. एका बेताप्रमाणे तर मंडळी एकाच सकाळी दोन बंदरांत असणार होती! अक्काने ते बरोबर हेरले. तिने आणखीही एक गोष्ट हेरली.

“ही नावं तू का खोडलीस रे?”

“चूक होती, अक्का. मोठं ते थोरलं, हे उघड आहे.”

“कुणाला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? डोळ्यांना दिसतंय.”

“पस्तीस वर्षं पत्रं वाटली मी. डोळ्यांना दिसतं त्या पत्त्यावर माणूस राहतोच असं नाही,” अक्का पुटपुटली. पण तिला काही ते बेट ठाऊक नव्हते. आणि मला? माझ्या अंगावरच दोन उत्तरे होती. मी कोणते खरे मानायचे?

आठ तारखेला आम्ही निघालो. पहिल्या गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की समोरून हातगाडी आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचे. मिठाच्या जुन्या गोदामांत आता सुतार बसत होते. दुसऱ्या गावात तटावरच्या तोफेच्या तोंडात साळुंकीने घरटे केले होते. मास्तर मला उघडून प्रत्येक बुरूज जुळवून पाहत. अक्का घोटाभर पाण्यात उभी राहून “आहाहा” म्हणे. बाई हे सगळे पाही, पण मध्येच विचारी, “आज किती तारीख?”

दहा तारखेला बंदरावरच्या तिकीटखिडकीशी मास्तरांनी मला पसरले आणि ऐसपैस बेटावर बोट ठेवले. “या मोठ्या बेटाची तीन.” खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलेही नाही. तीन तिकिटे बाहेर आली.

लाँच बेटाला लागली तेव्हा अकरा वाजले होते. धक्क्यावर ताई नव्हती. जवळ एक विश्रामगृह होते, तिथेही नव्हती. बाई म्हणाली, “पुढच्या लाँचने येईल.” पुढची लाँच आली, रिकामी झाली. त्याच्या पुढचीही आली. बाई उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे अशी बघे की त्या बायका गोंधळून मागे वळून पाहत.

तीन वाजता ती मास्तरांना म्हणाली, “नाही आली. मला माहीतच होतं. तेव्हाही आली नव्हती.”

“अगं, काही अडचण...”

“तिला नेहमीच अडचण असते!” आणि मग एकदम तिचा आवाज पडला. “नाही हो. मीच लिहायला हवं होतं. तिला वाटलं असेल मी येत नाहीये. म्हणून तीही आली नसेल.”

ताईचा राग धरावा, की बाईचा, की माझा स्वतःचा?

जवळच एक होडीवाली जाळे सांधत बसली होती. अक्का तिच्यापाशी गेली आणि पोस्टातल्या सवयीने थेट विचारले, “बाई, या जागेचं नाव काय?”

“धाकटं बेट.”

मास्तर उडालेच. “धाकटं? पण हे तर मोठं आहे!”

“मोठं आहे म्हणून थोरलं होतंय होय?” होडीवालीला हसू आवरेना. “माझा धाकटा भाऊ माझ्या दीडपट आहे. मग काय तो माझा दादा झाला? माणसं आधी त्या लहान बेटावर राहायला आली. किल्ला आधी तिथं. इथं नंतर. म्हणून ते थोरलं.”

मित्रांनो, कारकुनाचे अर्धे राहिलेले वाक्य मला तिथे धक्क्यावर पुरे ऐकायला मिळाले. मी पहिल्यापासून बरोबर होतो! पण आनंद व्हायला सवड कुठे होती? बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताई आली होती. सकाळपासून समोरच्या बेटावर बसली होती.

“शेवटची लाँच तिथून किती वाजता सुटते?”

“चारला.” होडीवालीने सूर्याकडे पाहिले, जाळे बाजूला टाकले आणि उठली. “बसा.”

होडी लहान होती, मोटर म्हातारी होती. अक्का डोळे मिटून बसली. आम्ही निम्म्या वाटेवर होतो तेव्हा थोरल्या बेटावरून लाँचचा भोंगा वाजला. ती धक्का सोडून निघाली.

बाई उभी राहिली. “ताई! ए ताई!” मोटरीच्या आवाजात तिचा आवाज आम्हालाच नीट ऐकू येईना. होडीवाली ओरडली, “काहीतरी हलवा! मोठं काहीतरी!”

बाईने मास्तरांच्या बगलेतून मला ओढले आणि सोळाच्या सोळा घड्या एका झटक्यात उघडून डोक्यावर धरले. वारा माझ्यात शिरला. वर पाणी आहे की आभाळ, मला समजेना. किनारा खाली गेला, किल्ले उलटे झाले. टर्रकन आवाज झाला. मी मधल्या घडीवर फाटत होतो, आणि बाई मला आणखी जोराने हलवत होती.

लाँच चालवणाऱ्याला वाटले, होडी बुडते आहे. त्याने वेग कमी केला. लाँचच्या मागच्या कठड्याशी एक प्रवासीण किनाऱ्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली. तिने होडीकडे पाहिले. मग ती लाँचवाल्याचा दंड धरून ओरडली, “मागे घ्या! मागे घ्या हो, ती माझी बहीण आहे!”

लाँचवाला बडबडत, सगळ्यांना नावे ठेवत परत धक्क्याला लागला. बाई होडीतून उतरताना अडखळली. ताईने तिला सावरले.

“किती वाळलीस गं, बारके!” ताई म्हणाली.

“तू लगेच निघालीस!”

“लगेच? सकाळी आठपासून बसलेय इथे. पाठ धरली माझी.”

“आम्ही तिकडे होतो. मोठं म्हणून थोरलं समजलो.”

ताईने तिच्याकडे, मास्तरांकडे आणि माझ्या फाटक्या अंगावरच्या लाल शाईकडे आळीपाळीने पाहिले. मग दोघी एकदमच हसू लागल्या. हसत होत्या की रडत होत्या, हे मला नक्की सांगता येणार नाही. मी खाली पडलो होतो आणि माझ्यावर थेंब पडत होते. ते समुद्राचे असतील.

“ताई, मी त्या दिवशी दारात बोलले ते...”

“ऐकलं मी. अकरा वर्षं ऐकतेय.” ताई म्हणाली. “खरं होतं त्यातलं थोडं. पण थोडंच. चल आत, सगळं सांगते.”

मास्तरांनी मला उचलले. “माझी चूक, बाबा,” असे ते हळूच म्हणाले. ते मला म्हणाले की अक्काला, कोण जाणे.

उरलेले किल्ले राहिले. बाकीचे दिवस मंडळी थोरल्या बेटावरच होती. अक्का रोज दोन वेळा समुद्रात उभी राहत होती. दोघी बहिणी चालायला जात, आणि मी दोरीवर वाळत असे. त्या काय बोलत, ते माझ्यापर्यंत येत नसे. घरी आल्यावर बाईने माझ्या फाटक्या घडीला आतून मऊ कापड लावून बारीक टाके घातले. त्या टाक्यांमुळे आता माझ्यावर एक नदी असल्यासारखी दिसते, जी कुठेच नाही. कुणी नवखा पाहील तर गोंधळेल.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा नकाशा असला तर त्याला त्याच्याच घड्यांवर मिटा, ओलीपासून जपा, फाटला तर टाका घाला. त्यावरचे नाव पटले नाही तर खोडण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. तिथे जायचे नसले तरीसुद्धा अधूनमधून त्याला उघडा.

सध्या मी टेबलावर पसरलेलो आहे. ताई काल राहायला आली. ती म्हणते उत्तरेच्या बंदरापासून सुरुवात करू, मास्तर म्हणतात दक्षिणेकडून, अक्का म्हणते कुठूनही करा पण पाणी उथळ हवे. बाईने टाचण्यांची डबी आणली आहे. पहिली टाचणी कुठे टोचायची यावर सकाळपासून वाद चालला आहे, आणि कोण काय म्हणते आहे ते मला मुळीच कळत नाही. त्यांनी घाई करू नये, एवढेच माझे मागणे आहे.