एका स्टारचं घर

"ताई, तेवढा रिव्ह्यू काढून टाका. मंग बघा गिऱ्हाईक कसं पळत येतं," प्रेम म्हणाला. घरांचे सौदे जुळवून देणारा हा दलाल चहाचा कप हातात धरून बसला होता. मीना नुकतीच ड्युटीवरून आली होती; कंडक्टरचा खाकी ड्रेस अजून अंगावरच होता. चतुर्थीमुळे राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या.

"न्हाई काढणार," ती म्हणाली.

"अहो, घर तुमचंच विकायचंय."

"माहितीये मला."

जालन्यातली ही इमारत 'निरोगी घरं' म्हणून विकली गेली होती. हवा खेळती, भिंतींना ओल नाही, रंगाला वास नाही. तेवढ्यासाठी भाव आसपासच्या इमारतींपेक्षा चढा. मीनाच्या लेकीला, अर्पिताला, लहानपणापासून दमा. नवराबायकोनं मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले, सगळीकडे पाच-पाच स्टार दिसले, आणि त्यांनी मागचापुढचा विचार न करता घर घेतलं. राहायला आल्यावर कळलं, की बुकिंगच्या दिवशीच बिल्डरचा माणूस मिठाईचा पुडा हातात ठेवून लोकांकडून स्टार टाकून घेत होता. तोवर त्या घरात कुणी एक दिवसही राहिलेलं नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात पोरीच्या खोलीची भिंत काळवंडली. बुरशी पुसावी, की चार दिवसांत परत. अर्पिताला धाप लागली की तिला पाठीला उशी देऊन बसवून ठेवावं लागे. बिल्डरच्या ऑफिसात उत्तर एकच, "खिडकी उघडी ठेवत जा, मॅडम." शेवटी मीनानं भिंतीचा फोटो टाकला, एक स्टार दिला आणि लिहिलं, 'निरोगी म्हणून जास्तीचे पैसे मोजले. माझी मुलगी इथं जास्त आजारी पडली.'

तेव्हापासून इमारतीत घराच्या चौकशीला येणारे भाव पाडून मागू लागले. बिल्डरनं फुकट रंग देऊ केला; अट एकच, रिव्ह्यू काढायचा. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब जिन्यात भेटले तरी मान वळवू लागले. वरच्या मजल्यावरच्या भगवतीदेवी तेवढ्या तोंडावर बोलल्या.

"मला लेकीकडं, रुचीकडं जायचंय राहायला. माझ्या घराचा सौदा पक्का झाल्ता. तुझं वाचून ते लोक गेले."

"मावशी, तुमच्या भिंतीला बी ओल हाय."

"हाय ना. पण ते सांगायची जल्दी तुला कशाला?"

"आम्हाला कुणीच न्हाई सांगितलं, म्हणून."

भगवतीदेवी जिना चढून गेल्या. त्यांच्यासाठी मीनाला वाईट वाटलं, पण रिव्ह्यू तिथंच राहिला.

पुढे डॉक्टर म्हणाले, घरच बदला. आणि आता हा प्रेम समोर बसला होता.

तो गेल्यावर तिचा नवरा सोमेश्वर हळूच म्हणाला, "घर विकेपर्यंत काढू. मंग परत टाक."

"विकल्यावर टाकून कुणाच्या कामाचा?"

"आपलं नुकसान होऊन राह्यलंय, मीना."

"होऊन राह्यलंय. पण खोटं बोलून मला दुसऱ्याच्या लेकराला या खोलीत न्हाई झोपवायचं."

सोमेश्वरनं तिच्याकडे पाहिलं आणि तो विषय परत काढला नाही.

रविवारी प्रेम एका जोडप्याला घेऊन आला. बायकोचं नाव शीतल, तिला दिवस गेलेले. ते जिना चढून येण्याआधीच प्रेमनं पुढे येऊन अर्पिताच्या खोलीतलं कपाट सरकवून काळ्या भिंतीपुढे लावून ठेवलं होतं. मीना भाजी घेऊन आली, तिनं ते पाहिलं. तिनं कपाटाला खांदा लावला. ते हलेना, तेव्हा सोमेश्वर पुढे आला आणि दोघांनी मिळून ते बाजूला केलं.

शीतलनं भिंतीवर तळहात ठेवला आणि लगेच काढून ओढणीला पुसला.

"तो रिव्ह्यू तुम्हीच लिहिलता का?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"मीच."

"मंग आमाला इथं का बोलावलं?"

"घर विकायचंय म्हणून. हे दाखवून विकायचंय."

जोडपं उतरून गेलं. प्रेम दारातच थांबला. "तुमचं घर विकणं आपल्याच्यानं होणार न्हाई, ताई," म्हणाला आणि घर दाखवायला दिलेली किल्ली टेबलावर ठेवून गेला.

"कपाट परत लावू का जागेवर?" सोमेश्वरनं विचारलं.

"राहू द्या."

घर शेवटी गेलं, पडत्या भावात, एका व्यापाऱ्याच्या ऑफिससाठी. तोवर जो कुणी बघायला येई, त्याला मीना आधी त्या खोलीत नेई, लाइट लावी आणि स्वतः बाजूला उभी राही.