काळ्या की खिडकीवाला

वित्सेनं एंटर ठोकलं, मोडेमवरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि मजकूर तारेतून पसार झाला.

"गेला! थांबवा घड्याळ!" तो खुर्चीतच उडाला. "बघितलंत? ना खिडकी, ना बटण, ना उंदराची शेपटी. आमचा काळ्या एका दमात गेला!"

चर्चच्या मागच्या खोलीत जमलेली, मक्कुम ह्या बंदराच्या गावची संगणक मंडळी टाळ्या पिटायला लागली. अध्यक्षीणबाई सीत्स्के यांनी गळ्यातलं शर्यतीचं घड्याळ दाबलं. एरवी त्या ह्याच घड्याळावर गावातल्या पोरांना पोहायला शिकवत, त्यामुळे त्यांचा आवाजही तसाच होता, तलावाच्या ह्या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा.

"बसा खाली वित्से! अजून मास्तरांची पाळी आहे!"

आज फैसला होता. मोडेमवरून जगभरच्या लोकांच्या गप्पांचे गट वाचायचे, न्यूजग्रुप म्हणतात त्यांना, तर ते वाचायला मंडळानं सगळ्या सभासदांना फ्लॉपीवर कुठला प्रोग्राम द्यायचा? वित्सेचा होता तो जुना. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, दुसरं काही नाही. त्याला सगळे काळ्याच म्हणत. समोरच्या टेबलावर निवृत्त शाळामास्तर रूर्द यांचा नवाकोरा, खिडक्याबिडक्या उघडणारा. तो खिडकीवाला. खोलीत फोनची तार एकच, तीही चर्चची. ज्याची पाळी त्यानं तिचं टोक आपल्या मोडेममध्ये खुपसायचं.

दुपारपासून नुसता कल्ला चालला होता. गट उतरवण्यात काळ्या पुढे. पण कोणी कोणाला काय उत्तर दिलं ते खिडकीवाला झाडाच्या फांद्यांसारखं काढून दाखवायचा. ते बघून मागच्या बाकावरचे मासेवाले दोघं भाऊ एकदम "ओहो" म्हणाले, आणि ते वित्सेला झोंबलं.

"झाडं बघायची तर बागेत जा," तो म्हणाला. "आणि मास्तर, तुमचा प्रोग्राम म्हणजे माझी आत्या आहे हो. काहीही करायला जा, विचारते. जाणार? नक्की जाणार? स्वेटर घेतलास? माणूस दारातच म्हातारा होतो!"

"विचारतो म्हणून चुका होत नाहीत," मास्तर म्हणाले.

"चुका मी करत नाही. एवढी वर्षं नावा जायला कालव्यावरचा पूल उघडलाय मी. पूल उघडताना कोणी विचारतं का, खात्री आहे का म्हणून?"

सगळे हसले. हसता हसताच शेवटची फेरी सुरू झाली होती. चाचणीच्या गटात एक मजकूर पाठवायचा. असा एक गट ठेवलेलाच असतो, नळाला पाणी येतंय का बघायला माणूस तोटी सोडतो ना, तसे लोक तिथे काहीबाही टाकतात. वाचत कोणीच नाही. चार-सहा दिवसांत सगळं आपोआप पुसलं जातं.

"काहीही टाइप करा," सीत्स्केबाई म्हणाल्या होत्या. "पण पटकन!"

आणि वित्सेच्या बोटांनी, त्याला न विचारताच, दर शनिवारचं ते टाइप केलं होतं.

आता टाळ्या थांबल्या, तसं त्यानं पडद्याकडे नीट पाहिलं. वरच्या ओळीत गटाचं नाव होतं. चाचणीचा गट नव्हता तो. लाकडी नौकांचा गट होता.

मघाशी काळ्याचा वेग दाखवायला तो ह्याच गटात शिरला होता, आणि बाहेर यायचं विसरला होता. काळ्याचं असंच. तुम्ही जिथे उभे तिथेच तो बोलणार.

मजकूर एवढाच होता: 'बाउक्ये, नाव विकू नकोस. बर्फ गेलंय. ह्या वसंतात आपण दोघं सरोवरात जाऊ. वित्से.'

बाउक्येची नाव बंदरात वित्सेच्या नावेशेजारीच बांधलेली. ती आणि तिचा नवरा फेडे, दोघं वर्षानुवर्षं वित्सेच्या पुलाखालून जायचे. वित्से वरून गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट खाली सोडायचा, पुलाची पट्टी घ्यायला. बाउक्ये नाण्याबरोबर त्यात ज्येष्ठमधाची एक खारट गोळी टाकायची. फेडे ओरडायचा, "सरकारी माणसाला लाच देतेस काय गं!" फेडे जाऊन आता दोन वर्षं झाली. बाउक्ये नावेवरच एकटी राहायची, मुलगी दूर खोनिंगन शहरात, तिचा धोशा, आई नाव विक आणि इकडे ये. ह्याच आठवड्यात डोलकाठीला पाटी लागली होती, विकणे आहे. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

शेजारी-शेजारी नावांवर दोघं रोज भेटत. वारा कसा आहे, दोर बदलायला हवा, इथपर्यंत बोलणं यायचं आणि वित्सेची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून दर शनिवारी तो चाचणीच्या गटात लिहायचा. तोंडातून निघत नाही ते निदान हातातून निघावं. पाठवलं की मोकळं वाटायचं, आणि पुसलं जाणार म्हणून सुरक्षितही.

पण लाकडी नौकांचा गट बाउक्ये न चुकता वाचायची. शनिवारी चारला चहा ठेवायची, फोन जोडून गट उतरवून घ्यायची, फोन तोडायची आणि मग सावकाश वाचत बसायची. सगळ्या बंदराला ठाऊक होतं ते. एकदा का तिच्या संगणकात उतरलं, की मग ते परत घेणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चाराकडे कलला होता.

"परत घ्यायचं!" वित्से ओरडला. "पाठवलेलं परत घ्यायचं!"

"काय झालं?" सीत्स्केबाई.

"चुकीच्या गटात गेलं!"

मासेवाल्यांपैकी थोरला भाऊ बाकावर उभाच राहिला. "चुका करत नाही म्हणाला होतास ना रे, पूलवाल्या!"

"मास्तर, लावा आणखी एक फेरी," धाकटा ओरडला. "कोणाचा प्रोग्राम आधी परत घेतो!"

खोली पुन्हा पेटली. कोणी खुर्च्या ओढल्या, कोणी कॉफीचे कप उचलून धावलं. आतापर्यंत प्रत्येक कपाबरोबर एकच बिस्कीट देऊन डब्याचं झाकण लावणाऱ्या सीत्स्केबाईंचा डबा उघडा राहिला, तरी कोणाचं लक्ष नाही. वित्सेनं काळ्याला हुकूम सोडला. मजकूर परत घेण्याची सोय काळ्यात होती, तिच्या बढाया त्यानंच मारल्या होत्या. पण काळ्याची एक खोड होती. परत घ्यायचा मजकूर आधी त्याला गटातून पुन्हा उतरवून घ्यावा लागायचा, आणि त्यासाठी तो गटाचे सगळे मथळे पहिल्यापासून ओढायचा. वसंत तोंडावर आलेला. अख्ख्या देशातले नाववाले रंगावर, डांबरावर, शिडांवर तुटून पडलेले. पडद्यावरचा आकडा गोगलगायीसारखा सरकायला लागला.

"चल रे राजा," वित्से पुटपुटला. "चल, इज्जत ठेव."

"एवढं काय लिहिलंय त्यात?" थोरल्यानं विचारलं.

"पगार लिहिलाय तुझा. गप बस!"

काटा सरकला. आकडा सरकता सरकेना. वित्सेच्या मानेवरून घाम ओघळला. त्यानं समोर पाहिलं. मास्तर हाताची घडी घालून बसले होते. एकदाच म्हणाले, "माझ्याकडे एका बटणाचं काम आहे."

मंडळापुढे हरणं वेगळं, आणि बाउक्येनं उद्या नावेवर मान फिरवून घेणं वेगळं. वारा कसा आहे, एवढं तरी बोलत होती ती. तेही गेलं म्हणजे?

वित्सेनं फोनची तार काळ्यातून उपसली आणि मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

एकदम आरडाओरडा झाला. "शरण आला! पूलवाला शरण आला!" मास्तर मात्र कामाला लागले. तार जोडली, मोडेमनं किंचाळून घेतलं, खिडकी उघडली. लाकडी नौकांच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर वित्सेचं नाव होतं. मास्तरांनी त्यावर बाण नेला, परत घ्या म्हणून सांगितलं.

टिंग करून एक चौकोन आला. हा मजकूर तुमचा नाही.

"बघा! आत्याबाई!" वित्से रडकुंडीला आला.

"बरोबरच आहे तिचं. उद्या कोणीही उठून दुसऱ्याचं बोलणं पुसेल. तुझा नाव-पत्ता घालू ह्यात, म्हणजे ऐकेल." मास्तर एकेक अक्षर शोधून टाइप करायला लागले. शाळेत फळ्यावर वळणदार लिहिणारा माणूस, कीबोर्डवर दोन बोटांचा पांगळा.

"लवकर हो मास्तर!"

"झालं. आता मजकूर उघडतो, खात्री करून घेऊ." त्यांनी उघडला.

वाचला.

मासेवाले भाऊ वाकून बघायला लागले तशी मास्तरांनी झटकन खिडकी आकसून पडद्याच्या कोपऱ्यात नेली, एवढी बारीक की अक्षर दिसेना. आणि खांद्यानं थोरल्याला मागे सारलं.

"काय होतं?"

"काही नाही. चाचणी, एक दोन तीन," मास्तर म्हणाले. "दुसरं काय लिहिणार हा? श्वास घ्यायला जागा द्या जरा. आणि बाई, त्या बिस्किटांच्या डब्याचं काय? आज दोन-दोन देताय का?"

बिस्किटं म्हटल्यावर अर्धी खोली तिकडे वळली.

मास्तर उठले. खुर्ची वित्सेकडे सरकवली, माउस त्याच्या हाताखाली दिला आणि हळूच म्हणाले, "मजकूर तुझा, बटण तूच दाब."

वित्से बसला. उंदराला हात लावायची ही त्याची पहिलीच वेळ. बाण पडद्यावर चोहीकडे पळाला, मग एकदाचा बटणावर आला. त्यानं दाबलं.

टिंग.

चौकोन आला. 'हा मजकूर परत घ्यायचा आहे. खात्री आहे?' खाली दोन बटणं. हो. नाही.

वित्सेचं बोट थांबलं.

आयुष्यभर त्यानं पूल उघडला आणि मिटला, बाउक्ये खालून गेली आणि त्यानं जाऊ दिली. दर शनिवारी लिहिलं आणि पुसू दिलं. काळ्यानं कधी विचारलं नव्हतं.

"घड्याळ चालू आहे हं!" सीत्स्केबाई तोंडात बिस्कीट ठेवून ओरडल्या.

बाहेर चर्चचं घड्याळ चाराचे टोले द्यायला लागलं. वित्सेनं बाण हलवला. थोडा इकडे, थोडा तिकडे. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले, असे की जणू बंदराकडे पाठ करून उभ्या बगळ्याखेरीज त्यांना काही दिसत नाही.

वित्सेनं 'नाही' दाबलं. मग उठला आणि खुंटीवरचा कोट ओढला.

"झालं का? घेतलं परत?"

"नाही घेतलं," वित्से म्हणाला.

"म्हणजे दोन्ही हरले?" थोरला भाऊ चक्रावला.

"खिडकीवाला जिंकला. फ्लॉपीवर तोच घाला. माझं मत त्याला."

"आणि काळ्या?"

वित्सेनं दारातून मागे पाहिलं. टेबलावर काळ्याची हिरवी खूण आपली उघडमीट करत बसली होती, पुढच्या हुकमाची वाट बघत. "काळ्याला घरी नेऊन पोहोचवा मास्तर," तो म्हणाला. "आजचं काम त्यानंच केलंय."

मास्तरांनी नुसती मान हलवली. बाकीच्यांना काही कळलं नाही. सीत्स्केबाईंनी घड्याळ थांबवलं.

सायकलवर वारा समोरून येत होता. वित्से पायडलवर उभा राहून दामटत होता, टोपी दातात धरून, आणि ओरडावं का उलटं फिरावं ते त्याचं ठरत नव्हतं. घराचं वळण आलं आणि मागे गेलं. बंदराचा धक्का आला.

बाउक्येच्या नावेच्या धुराड्यातून धूर निघत होता. ती बाहेर होती, डोलकाठीपाशी, गुडघ्यावर बसलेली. हातात स्क्रू काढायचा पेचकस.

वित्सेनं सायकल टेकवली. ती पडली. त्यानं उचलली नाही.

बाउक्येनं वर पाहिलं नाही. "खारं वारं," ती म्हणाली. "आठवड्यात गंजला बघ. पाटीचा खालचा स्क्रू निघेना. तुझ्या हातात जोर आहे, ये जरा."

तो नावेवर चढला. तिनं पेचकस दिला. वरचा स्क्रू आधीच निघाला होता, पाटी एका टोकाला लोंबत होती. वित्सेनं पेचकस खाचेत बसवला.

"बाउक्ये," तो म्हणाला, "खात्री आहे ना?"

तिनं खिशात हात घातला, चाचपलं, आणि एक खारट गोळी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली.

"ही तोंडात टाक," ती म्हणाली, "म्हणजे प्रश्न कमी विचारशील."